गुरुवारचं रक्त

आमच्या लॅबमधले सर माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत. राहात्याच्या बाजारात कोणी नमस्कार करून समोर उभं राहिलं, की ते त्या माणसाकडे कोरं बघत. मग त्यांची नजर खाली त्याच्या कोपराच्या खळगीवर जाई. तिथली शीर दिसली की त्यांना ओळख पटे. एका पेरूवाल्याला ते माझ्यासमोर म्हणाले होते, "हां, तुम्ही. दिवाळीनंतर गढूळ होतात." पेरूवाला तराजू धरून तसाच उभा राहिला. शेजारी मेथी विकणाऱ्या मावशींनी मात्र हळूच पदर ओढून दोन्ही हात झाकून घेतले.

मी त्यांच्याकडे सहा महिने शिकले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी कॉलेजनं मला या लॅबमध्ये पाठवलं होतं. सरांबद्दल लिहावं की नाही, हे माझं अजून नीट ठरलेलं नाही. त्यांना आवडणार नाही, एवढं मला माहीत आहे.

लॅब दोन खोल्यांची होती. पुढच्या खोलीत काउंटर, तिथे एक ताई बसायच्या. मागच्या खोलीत मशीन आणि उत्तरेकडची एक खिडकी. सकाळी गोळा केलेलं रक्त गोठलं, की आम्ही त्याच्या नळ्या सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचो. तांबडं सगळं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी उरतं. त्याला सिरम म्हणतात. बाकी कुठल्याही लॅबमध्ये ते लगेच मशीनला लावतात. आमचे सर आधी ट्यूबलाइट बंद करायचे. मग एकेक नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "बोला."

आणि थांबायचे. खरंच कोणी बोलणार असल्यासारखे थांबायचे. मागच्या खोलीत फ्रिजची घरघर तेवढी ऐकू यायची. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, पण ताईंनी दारातूनच मान हलवून मला गप्प केलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मीही त्या वेळी श्वास रोखून धरायला लागले. का, ते सांगता येणार नाही.

सरांची सिरमला दिलेली नावं स्वयंपाकघरातली होती. निरोगी माणसाचं ते "दह्यावरचं पाणी". थोडं धुरकट असलं तर "ताक". आणि रोज पिणाऱ्या माणसाचं कधी कधी अगदी पांढरं, दाट येतं. त्याला ते "चीक" म्हणत, व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध असतं तसं. मी पहिल्यांदा तशी नळी पाहिली तेव्हा मला वाटलं, आपल्या हातून काहीतरी सांडलं. सर म्हणाले, "सांडलं नाही. ही चरबी आहे. दारू पोटात गेली की लिव्हर चरबी तयार करत सुटतं आणि रक्तात ओतत राहतं." स्वतः सर दुधाचा चहा घेत नसत. ताई त्यांना चिडवायच्या, "सर, म्हशीनं काय वाकडं केलंय तुमचं?" सर कोऱ्या चहाचा कप खिडकीत ठेवत आणि पुढची नळी उचलत.

बसस्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्यांचं सिरम वर्षानुवर्षं चीक यायचं, असं ताई सांगायच्या. मी असताना ते एकदा आले, आणि त्या वेळी त्यांचं सिरम स्वच्छ आलं. पलीकडच्या कॅलेंडरवरचा आकडा दिसेल इतकं. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, रक्तातली सगळी चरबी खाली आलेली. वाढलेल्या आकड्यापुढे मशीन लाल बाण छापतं, तो एकही नव्हता. संध्याकाळी त्यांची बायको पेढ्यांचा पुडा घेऊन आली.

"सर, एक तरी घ्या. धा वर्सांत पयल्यांदा कागदावर लाल बान न्हाई."

"ठेवा," सर म्हणाले. "डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा."

"दाखवू की. आता काय घाई हाय?"

ती गेल्यावर सरांनी पुडा खिडकीत ठेवला. स्वतः खाल्ला नाही आणि आम्हालाही कोणाला हात लावू दिला नाही. पेढे तिथेच कडक झाले, मग त्यांना भेगा पडल्या. पावसाळा संपता संपता एका सकाळी सर अर्धी सुट्टी काढून गेले, तेव्हा ताईंनी तो पुडा उचलून कचऱ्यात टाकला.

"कुठे गेले सर?" मी विचारलं.

"पुणतांब्याला, घाटावर. हॉटेलवाल्यांचं दहावं आहे," ताई म्हणाल्या. "तू विचारत जाऊ नको गं."

हॉटेलवाले कशानं गेले, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी नवी होते. प्रश्न विचारला की आपण कुठून आलो ते लोकांना दिसतं, असं मला तेव्हा वाटायचं.

सरांचं घाटावर जाणं आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. गोदावरीवर दशक्रिया विधी असला की ते कधी कधी तिथे दिसत. नातेवाइकांत मिसळत नसत, भाषणं ऐकत नसत. पांढरा शर्ट घालून पायऱ्यांच्या एका कडेला उभे राहत आणि विधी आटोपायच्या आत निघून जात. लोक म्हणायचे, त्यानं ज्याची नळी बघितली, त्याच्याच दहाव्याला तो येतो. काही जण याहून वाईट बोलायचे. आमच्या गावातली एक आजी तर लॅबमध्ये आली की डोळे मिटून हात पुढे करायची आणि म्हणायची, "घ्या रगत, पन माज्याकडं बगू नका."

आमचं गाव पुणतांब्याच्या फाट्याच्या थोडं पुढे आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मी मैत्रिणीबरोबर घाटावर गेले होते. घाट मोकळा होता. मंडप नाही, भटजी नाही, पाण्यावर धुकं होतं. आणि पायऱ्यांच्या कडेला सर उभे होते, पांढऱ्या शर्टात. मी जवळ गेले.

"सर, आज कोणाचं आहे?"

त्यांनी आधी माझ्या कोपराकडे पाहिलं आणि मग मला ओळखलं. "कोणाचं नाही," ते म्हणाले. "माणूस अजून आहे. त्याच्या घरी जायचं म्हणून निघालो होतो. तिकडे पाय वळेना. इकडे आलो."

माझी मैत्रीण माझा हात ओढत होती. आम्ही मागे न बघता रस्त्यापर्यंत आलो.

आता वडिलांचं सांगायला हवं.

माझे वडील पेरूचा टेम्पो चालवतात. आसपासच्या बागांतला माल राहात्याला आणतात. ते प्यायचे. घरात मारझोड कधी केली नाही, कोणाशी भांडले नाहीत, पण रोज प्यायचे. फक्त गुरुवारी नाही. गुरुवारी त्यांचा कडक उपवास असे आणि हा गुरुवार ते सगळ्यांच्या तोंडावर फेकत. "बेवडा असतो तर गुरवार पाळला असता का? सांग." आई परत भाकरी थापायला लागे.

आदल्या वर्षी गावातल्या शिबिरात त्यांचं रक्त तपासलं होतं, तेव्हा चरबी फार वाढलेली होती. मी लॅबमध्ये लागल्यापासून त्यांच्या मागे लागले होते की परत एकदा तपासा. शेवटी ते तयार झाले, पण म्हणाले, गुरुवारीच येतो. का, तर त्या दिवशी रक्त सोवळं असतं.

मी बजावलं होतं, की आदल्या रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. ते सकाळी दहाला आले. सर तेव्हा बाहेरगावी नमुने गोळा करायला गेले होते. रक्त मीच काढलं.

"हळू टोच," वडील म्हणाले. "बापाचं रगत हाय, पेरूचं सरबत न्हाई."

ताई हसल्या. मला हात स्थिर ठेवायचा होता म्हणून मी हसले नाही. नळी भरल्यावर विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"न्हाई. खिचडी तेवढी. तुज्या आयनं केल्ती साबुदान्याची, शेंगदान्याचं कूट लावून. दोन वाट्या."

"दादा, मी सांगितलं होतं ना, काही खायचं नाही म्हणून."

"उपासाचंच खाल्लं ना? मग उपास मोडला कुटं?"

ही चूक आमच्याकडे निम्मे लोक करतात. त्यांना परत पाठवायला हवं होतं, पण ते पुन्हा आले नसते. मी चरबीच्या तपासण्यांपुरता नमुना लावला. चरबी वाढलेलीच येणार, वर शेंगदाण्यामुळे आणखी वाढणार, असं धरूनच मी कागद हातात घेतला. कोलेस्टेरॉल शंभराच्याही खाली होतं. ट्रायग्लिसराइडही खाली. पूर्ण कागदावर एकही लाल बाण नव्हता.

मी काउंटरवरच रडले. आनंदानं. ताईंनी पाणी दिलं. मी लगेच घरी फोन लावला आणि वडिलांना म्हणाले, "दादा, रिपोर्ट चांगला आहे. एकदम चांगला आहे."

ते फोन तोंडापासून लांब धरून कोणाला तरी म्हणाले, "आयकलं का? पोरगी सोता मशीनवर बगून सांगतीय. लिवर एक नंबर." आणि मला म्हणाले, "तू शिकलीस ते बरं झालं, बाई."

असं ते मला त्याआधी कधी म्हणाले नव्हते.

सर दुपारी आले. हात धुतले, ट्यूबलाइट बंद केली आणि सकाळच्या रॅकमधली एकेक नळी खिडकीकडे धरायला लागले. मी कागदांना शिक्के मारत होते. बराच वेळ "बोला" ऐकू आलं नाही, म्हणून मी वर पाहिलं. एक नळी त्यांच्या हातात होती आणि ते तिच्यातून खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते. झाडाची फांदी न् फांदी तिच्यातून दिसत असणार.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील."

"पितात?"

मी मान डोलावली.

"किती वर्षं?"

"मला कळतंय तेव्हापासून."

"उपाशी होते?"

"नाही सर. साबुदाण्याची खिचडी खाऊन आले होते. तरी बघा ना, किती स्वच्छ आलंय."

हे बोलताना माझा आवाज आनंदी होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सर स्टुलावर बसले. त्यांनी मला शिकवलेलं सगळं मला आठवतं, पण त्या दुपारचं शब्दन् शब्द आठवतं. ते म्हणाले, "न पिणारा माणूस असता, शेतात राबणारा, तर या नळीला मी हात जोडले असते. पण पिणाऱ्याचं रक्त वर्षानुवर्षं गढूळ असतं आणि एक दिवस आपोआप निवळतं. औषध नाही, पथ्य नाही, तरी निवळतं. चरबी कोण बनवतं? लिव्हर. कोलेस्टेरॉल कोण बनवतं? लिव्हर. ते दमलं की बनवणंच थांबतं. मशीनला वाढलेलं कळतं, म्हणून ते बाण मारतं. इतकं कमी का झालं, हे त्याला कळत नाही. कागद कोरा येतो. घरचे पेढे वाटतात."

मी सकाळी काय केलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"अशा पहिल्या माणसाला मीच सांगितलं होतं," सर म्हणाले. "पाठीवर थाप मारून. रिपोर्ट एक नंबर, म्हणून. त्याच्या दहाव्याला गेलो. तेव्हापासून जातोय."

त्याच नमुन्यावर त्यांनी आणखी तपासण्या लावल्या. लॅबच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि मगच लावल्या, हे इथे लिहायला हवं. कावीळ आत सुरू झालेली होती. रक्तातलं प्रोटीन फार कमी होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्याच नगरला मोठ्या दवाखान्यात न्या.

मी घरी फोन केला. वडील हसले.

"सकाळी चांगलं आनि दुपारी वाईट? मशीनला चढली का काय?"

"दादा, माझं चुकलं. मला समजलं नव्हतं."

"मग आता तरी समजलं कशावरनं? ऱ्हाऊ दे. उद्या शुकरवार हाय."

फोन बंद झाला. सरांनी गाडीची किल्ली उचलली आणि बराच वेळ ती हातात फिरवत उभे राहिले. ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही कशाला? ती सांगेल की." सर दाराकडे वळले. मला म्हणाले, "चल, रस्ता दाखव."

वाटेत पुणतांब्याचा फाटा लागला, तेव्हा गाडीचा वेग कमी झाला. मला वाटलं, आता ते तिकडे वळतात की काय. मी मागून म्हणाले, "सर, सरळ." ते सरळ गेले.

आमच्या घरापुढे मोकळं अंगण आहे आणि कडेला टेम्पो उभा असतो. आई क्रेटमधले पेरू निवडत होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. आधी तिला मी दिसले, मग पांढरा शर्ट दिसला. तिच्या हातातला पेरू खाली पडला. ती उठून अंगणाच्या तोंडाशी आली आणि वाट अडवून उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले.

"सर, आमच्यात कोनी गेलं न्हाई अजून," ती म्हणाली. "तुमी चुकला आसाल. फुडं जा."

सर गाडीवरून उतरलेही नव्हते. त्यांनी गाडी बंद केली, पण हँडल सोडलं नाही. शेजारच्या घरातली माणसं ओट्यावर आली. आमचा कुत्रा सगळ्यांवर भुंकतो, तोही खाटेखाली जाऊन बसला.

वडील आतून बाहेर आले. बनियन आणि पायजमा. आई गेले दोन महिने खुश होती, की माणूस जरा उतरला, हातपाय बारीक झाले. तसे ते त्या दिवशी उजेडात उभे राहिले आणि मी कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. हात काटक्यांसारखे. पोट मात्र पुढे आलेलं.

"या की सर," वडील म्हणाले. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "तुमी तर दहाव्याला येता आसं आयकलंय. लई लवकर आला."

"हो," सर म्हणाले. "तिकडे जायला सोपं जातं. तिथं कोणी काही विचारत नाही." मग ते मला म्हणाले, "त्यांच्या नडगीवर अंगठा दाब. जोरात. आणि काढून घे."

मी वडिलांपुढे खाली बसले. पायजमा वर केला. अंगठा दाबला आणि काढला. माझ्या अंगठ्याएवढा खड्डा तिथे पडला होता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. आई, मी, वडील स्वतः. पिठात बोट दाबल्यावर राहतो तसा तो राहिला. भरून येईना.

"पाय सुजलाय, मालक," सर म्हणाले. "हे पाणी आहे. मी एवढंच सांगायला आलो. बाकी डॉक्टर सांगतील. तुमच्या मुलीची चूक नाही, कागदच तसा येतो."

वडिलांनी वाकून स्वतःचा अंगठा दुसऱ्या पायावर दाबला. काढला. बघितलं. मग आईला म्हणाले, "उद्याला पिशवी भर." आणि सरांना म्हणाले, "च्या घ्या."

"नको," सर म्हणाले. "मला जायचंय." ते अंगणात न येताच परत गेले. आई गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाट अडवून तशीच उभी होती.

वडील नगरला दोन आठवडे राहिले. पोटातलं पाणी काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, झालेलं सगळं भरून येईल असं नाही, पण पिणं थांबवलंत तर उरलेलं लिव्हर काम करील. वडील थांबले. गुरुवारही आणि बाकीचे वारही. याला आता दीड वर्ष होत आलं. पुढचं मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

सर त्याच लॅबमध्ये आहेत. ताई फोनवर सांगतात, आता ते घाटावर कमी जातात आणि लोकांच्या घरी जास्त. लोकांना ते आणखीच आवडत नाही. एका गावात पोरांनी त्यांच्या गाडीची हवा सोडली. माझे वडीलही त्यांचं नाव काढत नाहीत. लॅबवरून जायला नको म्हणून टेम्पो मागच्या रस्त्यानं नेतात. मी एकदा म्हणाले, दादा, त्यांच्यामुळेच ना. ते म्हणाले, "म्हाईत हाय." आणि टेम्पोची काच पुसायला लागले.

मी आता नगरला पुढचं शिकते. दर तीन महिन्यांनी त्यांची तपासणी होते आणि कागद घेऊन मी घरी येते. आई चुलीपाशी बसते, वडील उंबऱ्याशी. त्यांनी मला एकच गोष्ट बजावून ठेवली आहे. "चांगलं म्हनू नको. वाईटबी म्हनू नको. नुसतं आकडं वाच."

परवा मी वाचले. प्रोटीन वाचलं, कावीळ वाचली. शेवटी कोलेस्टेरॉल. ते मागच्या खेपेपेक्षा वाढलं होतं. त्याच्या मागच्या खेपेपेक्षाही. दमलेलं लिव्हर परत बनवायला लागलं होतं, हे मला कळत होतं आणि ते तोंडातून निघू नये म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

वडील उंबऱ्यावर बोटानं काहीतरी रेघोट्या ओढत होते. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "शेवटचा परत वाच."

मी परत वाचला.